वडाचा फाटा

नवऱ्याला नाग चावला होता, त्याच्या पापण्या मिटत चालल्या होत्या आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर फोनवर माझ्यावरच ओरडत होता, "मावशी, वड कुठाय? दोनदा गेलो-आलो, हितं एक झाड न्हाय!" गडमुडशिंगीच्या पुढं आमचा उसाचा मळा, तिथं वळायच्या जागेला सगळे वडाचा फाटाच म्हणतात. मी म्हटलं, "रस्ता रुंद करताना वड कवाच तोडला की." "मग वडापाशी वळा कशाला सांगताय? फोनच्या नकाशात बी तुमची वाट न्हाय!" त्याचं खरं होतं. नकाशा कागदावरचा असो की तोंडचा, आज जे उभं आहे तेच त्यात हवं. पण आमच्याकडं उभं काय होतं? चहूकडं ऊसच. शेवटी शेजारच्या ऊस तोडलेल्या फडात पाचटाचा, उसाच्या वाळल्या पाल्याचा, ढीग होता, त्याला मी काडी लावली आणि म्हटलं, "धूर दिसतोय न्हवं? तिकडं वळ." तो आला. काल कुणीतरी पाचट पेटवलं, त्या वासानं हे जुनं सगळं आठवलं. नवरा वाचला. पावण्यांना फोनवर तो अजून "वडापाशी वळा" असंच सांगतो, आणि त्यांना आणायला रस्त्यापर्यंत मलाच जावं लागतं.