इटालियन लादी आणि माझी टाच

"हे कुणाचं?"

मॅडमचं बोट लादीकडे होतं. पांढऱ्या मार्बलवर पाच-सहा लाल ठिपके. एका ओळीत, दारापासून त्यांच्या केबिनपर्यंत. सगळा स्टाफ रिसेप्शनपाशी गोळा केला होता. मी बादली घेऊन भिंतीला लागून उभी होते.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"चालून दाखव."

मला कळलंच नाही. चालून काय दाखवायचं? सुपरवायझर अण्णानं माझ्या हातातली बादली काढून घेतली. म्हणाला, "चाल की. मॅडम काय म्हनत्यात, ऐकू येईना व्हय?"

मी चालले. अनवाणी. पंचवीसेक माणसांच्या समोर. बाजारात म्हैस विकत घेण्याआधी चालवून बघतात, तशी. सहाव्या-सातव्या पावलाला उजव्या टाचेची भेग उलली आणि लादीवर ठिपका उमटला.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "परदेशातले बायर येतात इथं. त्यांना हे दाखवायचं? साधी पायाची काळजी घेता येत नाही तुम्हा लोकांना. शी!"

अकाउंटवाला गृहस्थ दोन पावलं मागं सरकला. माझं रक्त उडून त्याला चावणार होतं जणू. त्याच्या पायात मऊ कापडी सपाता होत्या.

मी काय केलं? सॉरी म्हणाले. खाली बसले आणि माझं रक्त माझ्याच हातानं पुसलं. मग अण्णानं सांगितलं म्हणून त्याच जागी ब्लिचिंगच्या पाण्यानं पुन्हा पुसलं. आज हे लिहिताना त्या सॉरीचाच राग जास्त येतो.

होटगी रोडवर टॉवेलच्या एका कंपनीचं हेड ऑफिस. कारखाना दुसरीकडे, इथं नुसती एसी ऑफिसं आणि नमुन्यांची काचेची कपाटं. मालकांच्या सूनबाई म्हणजे आमच्या मॅडम. त्यांनी इटलीहून फरशी मागवली होती. ती पुसायला मी, एजन्सीकडून. सहा वर्षं.

ती फरशी पुसणं हे येरागबाळ्याचं काम नाही. आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारट. नुसता मॉप मारून सोडून दिला तर पाणी वाळतं आणि पांढरट चट्टे मागं राहतात. म्हणून मॉप मारायचा आणि ओल असतानाच उकिडवं बसून कोरड्या टॉवेलनं टिपून घ्यायचं. हातभर पुसायचं, हातभर मागं सरकायचं. टॉवेल कंपनीचेच, कडेला सूत निसटलेले, विकायला न चालणारे. लिंबू नको, ॲसिड नको, मार्बल खातं. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. माझ्या गुडघ्यांनी शिकून घेतलं.

आणि नियम. बाहेरची चप्पल दारातच काढायची. आत लक्ष्मीची तसबीर आहे, वर फरशी महागाची. स्टाफला आत वापरायला सपाता, प्रत्येकाच्या नावाचा खण. मला खण नाही. कापडी सपाता पाण्यात भिजतात, रबरी चपलेचे काळे ओरखडे उठतात. म्हणून हाउसकीपिंग अनवाणी. असं अण्णानं पहिल्या दिवशी सांगितलं आणि मी मान डोलावली.

सोलापूरची थंडी थोडी, असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यांनी डिसेंबरात सकाळी सातला त्या मार्बलवर उभं राहून बघावं. तळव्यातून गारठा चढतो तो मांडीपर्यंत जातो. त्या थंडीत ऑफिसमधली निम्मी माणसं खोकायला लागली. खिडक्या बंद, एसी चालू, खोकणार नाहीत तर काय. पण मॅडमनी कुठंतरी वाचलं की जंतू फरशीवर बसतात. मग दिवसातून एकदाच्या ऐवजी तीनदा पुसायचं ठरलं. तेही ब्लिचिंग पावडर टाकून.

दिवसभर फरशी ओली. दिवसभर माझे पाय ओले. ब्लिचिंगनं कातडी पांढरी पडली, मग वाळली, मग तडकली. एका भेगेत पैसा उभा राहील इतकी ती खोल गेली.

मला साखर आहे. हे अण्णाला माहीत होतं, कारण मी दुपारच्या गोळीसाठी सुट्टी मागायची. माझ्या आधी तिथं कलावती मावशी होत्या. त्यांनाही साखर होती. त्यांच्या अंगठ्याला असंच काहीतरी झालं आणि सिव्हिलमध्ये अंगठा काढला. एजन्सीनं त्यांना घरी बसवलं. लंगडणारी बाई फरशीवर बरी दिसत नाही म्हणे. त्यांना मी ओळखते, आमच्याच गल्लीत राहतात. त्यांचा पाय मी रोज बघत होते आणि तरी रोज त्या फरशीवर उतरत होते.

तर, त्या चालून दाखवण्याच्या दिवशी मी घरी गेले आणि एक काम केलं. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगणार.

चप्पल चिकटवायचं सोल्यूशन असतं ना, ट्यूबमधलं, पिवळं. ते मी भेगेत भरलं. दोन्ही बाजू दाबून धरल्या. वर मेणबत्तीचं मेण ओतलं. टाच बंद. रक्त बंद. मला तेव्हा एवढंच डोक्यात होतं, उद्या फरशीवर ठिपका पडता कामा नये.

पडला नाही. आठ दिवस एकही ठिपका पडला नाही. मॅडम एकदा माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "हं, आता बरं आहे." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. शाबासकी मिळाल्यासारखं. मनात त्यांचे आभारसुद्धा मानले असतील.

नवव्या दिवशी पाय जमिनीला टेकवेना. रिसेप्शनवरची पद्मा, तेलुगू विणकरांची पोरगी, मला अक्का म्हणते. ती म्हणाली, "अक्का, पाय सुजलाय की. वास पन येतोय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा." मी म्हटलं, काम झाल्यावर जाते. तिनं माझ्या हातातला मॉप ओढून घेतला आणि मला रिक्षात बसवलं.

सिव्हिलमध्ये ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मेण काढलं. मग चिमट्यानं सोल्यूशन खरवडायला लागल्या. खालून पू आला. मी दात आवळून बसले होते.

"हे काय भरलंय?"

"सोल्यूशन."

"कुणी सांगितलं भरायला?"

"कुनी न्हाय."

"मग कशासाठी?"

तोंडाशी आलं होतं ते असं होतं, की लादी घाण होऊ नये म्हणून. ते शब्द जिभेवर आले आणि माझं मलाच ऐकू आले. माझी टाच सडली तरी चालेल, पण त्यांची लादी घाण होऊ नये. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी स्वतःहून केलं होतं.

माझा बाप करमाळा तालुक्यातला. गावात एका आळीतून जाताना आमच्या माणसांनी चपला हातात घ्यायच्या, अशी रीत होती. एक दिवस बापानं चपला काढल्या नाहीत. मार खाल्ला, गाव सोडलं, सोलापूरला आला. आम्ही बौद्ध झालेली माणसं, वाकायचं नाही, असं तो आम्हाला जेवताना सांगायचा. आणि त्याची लेक सहा वर्षं रोज सकाळी सात वाजता स्वतःच्या हातानं चप्पल काढून ठेवत होती. वर जखमेला डिंक लावत होती. तपासायच्या टेबलावर मला रडू आलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखतंय. दुखत होतंच. पण मला स्वतःची चीड आली होती, आणि ती सगळी चीड दुसरीकडे वळायला वेळ लागला नाही.

"बोट नाही, पाऊल जाईल," त्या म्हणाल्या. "पाय कोरडे पाहिजेत. मोजे, बंद बूट. गार फरशीवर अनवाणी एक पाऊलसुद्धा नाही. कळलं का मावशी?"

कळलं.

नव्या पेठेतून कॅनव्हासचे बूट आणले. पांढऱ्या तळाचे, मुद्दाम. घरी ओल्या फरशीवर घासून पाहिले, ओरखडा उठत नाही याची खात्री केली. जखम आटोक्यात आल्यावर कामावर गेले.

त्या दिवशी ऑफिसात कार्यक्रम होता. 'हिवाळ्यात निरोगी राहा.' बाहेरून एक डॉक्टरबाई भाषणाला येणार, सगळ्यांना काढा, सगळ्यांना लोकरीचे मोजे. अण्णा खुर्च्या मांडण्यात गुंतला होता. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलंच नाही. मी बूट घालून पूर्ण हॉल पुसला, टिपला, चकचकीत केला.

काढ्याचं पातेलं आलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तू हात लावू नकोस. इन्फेक्शन नको. पद्मा देईल." मोज्यांची यादी वाचली. त्यात माझं नाव नव्हतं. एजन्सीची माणसं यादीत नसतात. मी मागं भिंतीशी उभी राहिले.

भाषण चांगलं होतं. पाणी भरपूर प्या, उन्हात बसा, कातडीला तेल लावा. "आणि थंडीत गार फरशीवर अनवाणी चालू नका. विशेषतः ज्यांना डायबेटिस आहे त्यांनी." सगळ्यांनी माना हलवल्या. मॅडमनीही.

मग मॅडम आभार मानायला उठल्या. हातवारे करत बोलायची त्यांना सवय. हातातला काढ्याचा कप हिंदकळला आणि हळदीचा काढा मार्बलवर सांडला. पांढऱ्यावर पिवळं. थारोळंच.

"पूस! पूस लवकर, हळद बसेल!"

मी कोरडा टॉवेल घेऊन पुढं गेले. तेव्हा त्यांना बूट दिसले.

"हे काय? बूट? आतमध्ये?"

"डॉक्टरनी सांगितलंय मॅडम. पायाला जखम हाय."

"बाहेर काढून ये आधी."

मी थांबले. हातात टॉवेल होता. काढा दोन हातांवर होता. बसले असते तर एका मिनिटात संपलं असतं.

"बूट काढनार न्हाय."

अण्णा धावत आला. दातओठ खात म्हणाला, "येडी झालीस का? काढ की गपगुमान." मी त्याच्याकडे बघितलंही नाही. मॅडमकडे बघत होते.

"सकाळपासनं ह्याच बुटांनी ही लादी पुसलीय मॅडम. एक ओरखडा दाखवा. एक."

त्यांनी खाली पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. लादी स्वच्छ होती, पिवळ्या थारोळ्यापर्यंत.

"प्रश्न ओरखड्याचा नाहीये," मॅडम म्हणाल्या. "शिस्तीचा आहे. आणि तुम्हा लोकांच्या पायांना सवय असते, उगाच नाटकं नकोत."

आलं बाहेर. सहा वर्षं मी समजत होते की फरशीचा नियम आहे. फरशीचा नव्हताच. माझ्या पायांचा होता.

मी भाषणाच्या डॉक्टरबाईंना विचारलं. सरळ, सगळ्यांदेखत. "बाई, तुमी आत्ताच सांगितलं, गार लादीवर आनवानी चालू नका. मला साखर हाय. ते माझ्यासाठी धरून हाय, का मला वगळून?"

त्या चष्मा काढून पुसायला लागल्या. "तसं... सगळ्यांसाठीच आहे. पण ऑफिसचे काही नियम असतात ना."

तेवढ्या वेळात काढा मार्बलमध्ये मुरत होता. मला दिसत होतं. कडा आधी गडद होतात, मग आत शिरतात. त्या फरशीला हळद कशी धरते हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि त्या वेळी मला त्या दगडाची कीव आली नाही.

मॅडमनी स्टाफकडे पाहिलं. "कुणीतरी पुसा ना!" पंचवीस माणसं, सगळ्यांच्या मांडीवर नवे कोरे मोजे. कुणी हललं नाही. त्यांना माझी बाजू घ्यायची होती असं नाही. खाली बसून लादी पुसणं हे आपलं काम नाही, एवढंच. अण्णा पद्माला म्हणाला, "ए, तू पूस." पद्मानं मान खाली घातली, पण उठली नाही. तिचं ते न उठणं मी विसरणार नाही.

शेवटी मॅडमनी स्वतः माझ्या हातातला टॉवेल हिसकावला आणि उभ्या उभ्याच पायानं लादीवर फिरवला. त्यानं काढा आणखी पसरला. डाग तळहाताएवढा होता, ताटाएवढा झाला. पुसायचं कसं हेही त्यांना माहीत नव्हतं.

"उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," मी म्हटलं. या वेळी सॉरी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तिथंच होते, बाहेर, पायरीवर. एजन्सी बदली बाई पाठवणार हे मला माहीत होतं. आली. पोटासाठी आलेली, तिशीची असेल. तिनं सवयीनं चप्पल काढायला पाय उचलला.

मी बूट आणि मोजा काढून तिला टाच दाखवली. पट्टी सोडून दाखवली. काय झालं, कसं झालं, सोल्यूशनसकट सगळं सांगितलं. म्हटलं, "काम कर. जरूर कर. पन चप्पल काढू नको. काढायला लावली तर बाहेर ये, मी हितंच हाय."

ती आत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. चप्पल पायातच होती. आतून अण्णाचा आवाज येत होता, कुणीतरी एजन्सीला फोन लावत होतं. उद्या तिसरी येईल. परवा चौथी. त्यांच्यात एखादी ऐकणार नाही, तिला घरी पोरं असतील, ती चप्पल काढेल. मी तिला शिव्या घालणार नाही. पण मी रोज येणार आहे. कामगार ऑफिसात कालच अर्ज दिलाय, त्यात सिव्हिलचा कागद जोडलाय. निकाल लागो न लागो, सातला मी या पायरीवर असेन, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगेन की तुझा पाय त्यांच्या दगडापेक्षा स्वस्त नाही.