वरकुट्याच्या विहिरीवर ऐकू आलेलं ताट

आधीच सांगून टाकतो — मी या सदराचा जुना वाचक आहे, पण भक्त अजिबात नाही. इथले अनुभव मी रात्री जेवताना बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळाखाली लिफ्ट मागणारा म्हातारा... कुणालाच सोडलं नाही. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा, माझी हरकत नाही.

तसा आमच्या घरात हा विषयच कधी नव्हता. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा-धुपारा नाही. माझे वडील — त्यांना सगळे तात्या म्हणतात — आजोबांच्याही वरचढ. कुणाच्या अंगात आलं की तात्या म्हणायचे, "चहा पाजा, उतरंल." बायको प्रज्ञा विज्ञानाची शिक्षिका. म्हणजे बघा, भुताने आमच्या घरी यायचं म्हटलं तरी त्याला बसायला जागा नाही.

गाव वरकुटे, तालुका इंदापूर. निमगाव केतकीहून आत वळलं की थोड्या अंतरावर शेतातच आमचं घर आहे. चारी बाजूंनी डाळिंब आणि ऊस, मागच्या बाजूला बांधापलीकडे विहीर. मी बारामतीत एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला होतो, म्हणून आम्ही दोघं बारामतीला फ्लॅट घेऊन राहायचो. प्रज्ञा तिथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होती. दरवर्षी जूनमध्ये "यंदा ठेवतील का?" हा प्रश्न ठरलेला. आणि मग गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिला कायमची नोकरी लागली... थेट अरुणाचल प्रदेशात! सरकारी निवासी शाळा, राहायला क्वार्टर, सगळं व्यवस्थित. फक्त देशाच्या दुसऱ्या टोकाला.

मी नोकरी सोडून तिच्यासोबत जायचं ठरवलं. मित्रांनी थोडी चेष्टा केली, ती चालायचीच. खरा घोर तात्यांचा होता. मी एकुलता एक. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बारामतीत असताना आम्ही दर शनिवारी वरकुट्याला जायचो, आता वर्षातून एकदा आलो तरी खूप. तात्या वरवर म्हणायचे, "जावा की, मला काय धाड भरलीय?" पण आमच्यासमोर ते जरा जास्तच टुणटुणीत वागायला लागले होते. पोत्याला मी हात लावायच्या आत ते खांद्यावर घ्यायचे. मला ते कळत होतं, आणि त्यानेच जास्त वाईट वाटत होतं.

आता ताटाबद्दल सांगायला हवं. आईची एक पद्धत होती. तात्या रानात कुठेही असले तरी जेवण तयार झालं की ती घराबाहेरच्या ओट्यावर उभी राहून जुन्या पितळी ताटावर उलथनं वाजवायची. दोनदा जोरात, मग जरा थांबून एकदा हळू. तो शेवटचा हळू ठोका का, ते तिलाच माहीत. मोबाइल आले तरी तिने पद्धत सोडली नाही. "फोनला रेंज लागती, ताटाला न्हाय," असं म्हणायची. ते ताट विहिरीत उतरलेल्या माणसालाही ऐकू यायचं. शेजारचे सोपानराव तर त्यावरच स्वतःच्या जेवणाची वेळ ठरवायचे.

आई गेल्यावर ते वाजलं नाही. तात्यांनी फळीवर ठेवून दिलं होतं.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही बारामतीचा फ्लॅट रिकामा करून सगळं सामान वरकुट्याला आणलं. तिथून पुढे रेल्वेने पाठवायचं होतं. न्यायचं काय आणि ठेवायचं काय यावर आमची रोज भांडणं. मी म्हणायचो कुकर तिकडे गेल्यावर नवा घेऊ, प्रज्ञा म्हणायची तुझ्या आवडीचा कुकर तिथे कुणी विकत नाही. एके संध्याकाळी तिने फळीवरचं ताट खाली काढलं आणि तात्यांना विचारलं, "हे मी नेऊ का? आईंची आठवण म्हणून."

तात्यांनी ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ने पोरी. हितं आता कोण वाजवणार हाय?"

तिने ते आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलं, स्वेटरांच्या खाली खोक्यात घातलं. खोक्याला टेप लावली, वरून गोणपाट घेतलं आणि दाभणाने सुतळी ओवून चारी बाजूंनी शिवून टाकलं. सुतळीने तिची बोटं सोलली म्हणून मीच तिला हळद लावली. हे एवढं बारीक का सांगतोय ते पुढे कळेलच.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आधीच्या आठवड्यात वळवाचा जोरदार पाऊस झाला होता. ओढ्याचा गाळ विहिरीत उतरला होता आणि मोटरचा पाइप त्यात रुतला होता. आमची विहीर खाली खडकात आहे, पण वरचा निम्मा भाग नुसता मुरमाचा, बांधकाम एकाच बाजूला. पावसानंतर अशा विहिरीत उतरू नये हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. तात्यांनीच मला लहानपणी त्यावरून मारलंय. पण त्या दिवशी न्याहारी करून ते "जरा बांधावर जाऊन येतो" म्हणाले आणि एकटेच विहिरीत उतरले. मला बोलावलं नाही. का, ते मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "तू गेल्यावर बी मलाच करायचं हाय की." आम्ही निघायच्या आत सगळं आपल्याला एकट्याला जमतं हे त्यांना दाखवायचं होतं. मला आणि स्वतःलाही.

दुपार झाली. लाइट गेलेली होती, त्यामुळे पंखा बंद, टीव्ही बंद, घर एकदम शांत. मी आणि प्रज्ञा ओट्यावरच पुस्तकं वेगळी करत बसलो होतो. चुलीवर आमटी होती, भाकरी अजून व्हायच्या होत्या. ओट्यावर आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

थोड्या वेळाने तात्या बांधावरून येताना दिसले. गुडघ्यापर्यंत चिखल. नळावर हातपाय धुतले, येऊन भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "वाढा."

प्रज्ञा म्हणाली, "तात्या, भाकरी व्हायच्यात अजून. दहा मिनिटं बसा."

"मग बोलावलं कशाला?" तात्या जरा वैतागलेच. "काम निम्म्यावर टाकून आलो."

"कुणी बोलावलं?"

"ताट वाजवलं न्हवं तुमी?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय तोवर मागून आवाज आला... धप्प! लगेच खडखडाट आणि मग एक लांबलचक घसरण. पाय ठेवला होता ती जमीन हलल्यासारखी वाटली. मी पळालो. बांधावर पोचलो तर विहिरीची ओढ्याकडची सगळी कड खाली गेली होती. दगड, मुरूम, बाभळीचं अख्खं झाड. मोटरचा पाइप दुमडला होता, आणि ज्या खडकाच्या टप्प्यावर बसून तात्या गाळ काढत होते तो टप्पा दिसतच नव्हता. त्यांचं फावडं अजूनही तिथेच कुठेतरी खाली आहे.

विहिरीच्या काठावर त्यांच्या चपला होत्या. तात्या घरी बसलेत हे मला माहीत होतं, तरी त्या मी उचलून छातीशी धरल्या.

तेवढ्यात पलीकडच्या रानातून सोपानराव ओरडत आले. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता डाळिंब आणि ट्रॅक्टर आहे. अंगाने आडदांड माणूस, पण तेव्हा रडत होता. "तात्या आत हायेत रं! मी सकाळी बघितलं त्यांना उतरताना, वर येताना न्हाय!"

मागून तात्यांचा आवाज आला, "हितं हाय की मी. कशाला बोंबलतोय?"

सोपानरावांनी त्यांना असं काही कवटाळलं की तात्यांचा चष्माच खाली पडला. मग ते प्रज्ञाकडे वळले. "सूनबाई, लई उपकार झालं बघ तुझं. वेळेवर ताट वाजवलंस. मी मनात म्हणलं बी, पोरीनं सासूची पद्धत धरली. तसंच वाजलं — दोनदा जोरात, मग एकदा हळू."

प्रज्ञा तडक घरात गेली. आम्ही मागोमाग गेलो. गोणपाटाचं खोकं कोपऱ्यात होतं तसंच होतं, सुतळीचा एक टाकाही उसवलेला नव्हता. तिने विळीने शिवण कापली, टेप फाडली, स्वेटर बाहेर काढले. तळाशी नऊवारीत गुंडाळलेलं ताट होतं. तात्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि मांडीवर ठेवलं.

सोपानराव हात जोडून म्हणाले, "तात्या, विहिरीवर एक नारळ फोडा. ऐका माझं."

"तूच फोड," तात्या म्हणाले. "खोबरं मला आणून दे." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

आता शंका. त्या सगळ्या मी स्वतःच काढल्या आहेत, तुम्ही कष्ट घेऊ नका. गावातल्या शाळेची घंटा? सुट्टी होती. भांडी विकणारा फेरीवाला? रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि सोपानरावांना आवाज आमच्या घराकडूनच आला होता. तात्यांना भास झाला? मान्य, म्हातारा माणूस, बायकोची आठवण. पण मग सोपानरावांना कसा झाला? दोघं एकमेकांपासून दूर, मध्ये अख्खं रान. नंतर मी स्वतः ओट्यावर उभं राहून ते ताट वाजवून पाहिलं. रानात स्वच्छ ऐकू येतं. आणि ओट्यावर तर कानठळ्या बसतात! म्हणजे ज्या जागेवरून ते वाजायचं तिथे बसलेल्या आम्हा दोघांना काहीच ऐकू आलं नाही, आणि रानातल्या दोघांना आलं. प्रज्ञाने कागदावर आकृती काढून ध्वनीचं गणित मांडायचा प्रयत्न केला. मग पेन ठेवून रडत बसली.

पण त्या दुपारचा खरा प्रश्न वेगळाच होता. मी जाहीर करून टाकलं, "आम्ही जात नाही." प्रज्ञाही लगेच म्हणाली, "मी शाळेला कळवते. नोकरी काय, इथेही मिळेल." किती वर्षं तिने या नोकरीची वाट पाहिली होती ते मला माहीत होतं, आईला तर माझ्याहून जास्त माहीत होतं. प्रज्ञाच्या परीक्षांच्या दिवसांत आई तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही.

तात्या भडकले. मी त्यांना इतकं चिडलेलं क्वचितच पाहिलंय.

"का म्हणून जात न्हाय?"

"तुम्हाला एकटं कसं सोडू, तात्या? आज काय झालं असतं..."

"झालं का काय? न्हाय ना?" त्यांनी मांडीवरचं ताट माझ्यासमोर धरलं. "हे बघ अमोल, मी आयुष्यात असलं काय मानलं न्हाय, आताबी मानत न्हाय. कुणी वाजवलं मला ठाव न्हाय. पर मला जेवाय बोलावलं, मी वर आलो. तुमाला थांबवाय कुणी बोलावलं न्हाय. एकटा, एकटा काय लावलंय? एकट्या माणसाला कुणी जेवाय बोलावतं व्हय?"

सोपानराव उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "जा रं पोरांनो. मी हाय हितं. ह्यांना परत विहिरीत उतरू दिलं तर नाव सांगणार न्हाय."

प्रज्ञाने पदर खोचला आणि भाकऱ्या थापायला बसली.

आम्ही जूनमध्ये निघालो. आता इथे वर्ष होत आलंय. प्रज्ञाच्या शाळेतली मुलं तिला "मराठी मिस" म्हणतात, आणि तिला इतका जीव लावतात की मला कधीकधी मत्सर वाटतो. मलाही जवळच्या गावात काम मिळालं आहे. वरकुट्याच्या विहिरीला यंदा चारी बाजूंनी बांधकाम झालं. तात्या ठणठणीत आहेत.

या गोष्टीचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. प्रज्ञाकडेही नाही, आणि तिला ते नाही हे फार लागतं. देव-भुतावर माझा अजून विश्वास बसलेला नाही, बसेल असंही वाटत नाही. पण आभार मानायला विश्वासच लागतो असं कुठे आहे? त्या दुपारी जे काही होतं, जे कुणी होतं, त्याचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते फिटणारे नाहीत.

कारण त्या दिवशी उशिरा का होईना, आम्ही सगळे ओट्यावर जेवायला बसलो. आमटी जरा खारट झाली होती. आणि तात्यांनी तिसऱ्यांदा भाकरी मागून घेतली.