सबाचा चाप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं त्या माझ्या आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडलं की मी लगेच चांगली बाई होते. सवयच लागलीय ती.

गोष्ट एका चापाची आहे. हसू नका. केसांना लावतो तसा नाही — मोज्यांना वर धरून ठेवणारा धातूचा चाप. आता या उन्हाच्या गावात मांडीपर्यंतचे मोजे कोण घालतं, असं तुम्ही म्हणाल. माझी आई घालते. लासूर स्टेशनला आमची पिठाची गिरणी होती. आई दिवसभर त्या गिरणीपुढं उभी राहायची, लग्न होऊन आली तेव्हापासून गिरणी विकून माझ्याकडं राहायला येईपर्यंत. पायांच्या शिरा फुगून दोरखंडासारख्या झाल्या. डॉक्टरनं घट्ट मोजे दिले, पण ते घसरून गुडघ्याशी गोळा व्हायचे. मोज्याच्या वरच्या काठाला आतून रबराची चिकट पट्टी असते, पण आमच्या उकाड्यात तिनं अंगावर पुरळ उठायचं.

मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये ड्रॉइंग करते. पत्रा कापायचा, वाकवायचा — बॅगांचे हूक, पट्ट्यांची बक्कलं, असली कामं. एक दिवस गावातलीच एक पार्टी आली. हेच मोजे विणणारी. चिकट पट्टी काढून टाकायची, कमरेला पट्टा, पट्ट्याला खाली लोंबणाऱ्या पट्ट्या आणि त्यांच्या टोकाला चाप, असं त्यांना हवं होतं. साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, करते की. माझ्या आईचाच प्रश्न होता तो. माझ्याइतकं कुणाला कळणार होतं?

मी दातेरी चाप काढला. पँटच्या गॅलिसला असतो ना, तसाच, दातांवर रबर चढवलेला. चांगला होता. म्हणजे — बरा होता. मोज्यावर दातांचे वळ उठायचे, मांडीला टोचायचा. आईनं दोन दिवस लावला आणि तिसऱ्या दिवशी गपचूप उशाखाली सारला.

मग सबा आली. डिप्लोमा झालेली पोरगी, आमच्याकडं शिकाऊ म्हणून लागलेली. घरात काकांचं बिदरीचं काम, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी, त्यामुळं कानस हातात धरली की बघत बसावं. साहेबांनी तिलाही सांगितलं, तुझं डोकं चालव. आणि मला म्हणाले, हिचा चाप पार्टीनं उचलला तर हिला पर्मनंट करून टाकू. घरचे तिला सांगत होते, नोकरी पक्की झाली तर कर, नाहीतर बस झालं आता. हे तिनंच मला डबा खाताना सांगितलं होतं, हसत हसत. म्हणजे मला ठाऊक होतं तिचं काय काय त्या चापाला टांगलेलं आहे. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तिच्या चापाला दातच नव्हते. मागं एक पट्टी, तिच्यावर रबराचं बटण. पुढं पत्र्याचा तुकडा, त्यात वर रुंद आणि खाली निमुळतं असं भोक. मोज्याचा काठ बटणावर घ्यायचा, रुंद भागातून बटण घालायचं, निमुळत्यात सरकवायचं. मोजा जितका खाली ओढ घेईल तितकी पकड घट्ट. इतकं सोपं की मला रागच आला. हे मला का नाही सुचलं?

पण खरं पोटात दुखलं ते तिथं नाही. माप घ्यायला म्हणून मीच तिला घरी घेऊन गेले. आईनं माझ्यापुढं कधी घोट्याच्या वर लुगडं नेलं नव्हतं. मोजेसुद्धा तोंड वळवून घालायची, मला म्हणायची, काय बघायचंय त्यात. आणि त्या दिवशी? सबा खाली फरशीवर बसली, आईचा पाय उचलून सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "अम्मा, इतकी वर्षं उभ्या राहिलात, आता थोडा आराम द्या यांना." आणि माझ्या आईनं लुगडं वर घेतलं. गुडघ्याच्या वर. गिरणीच्या गोष्टी सांगत बसली तिला, हसत काय होती, टाळ्या काय देत होती! मी चहा घेऊन दारात उभी. कप कलंडून चहा बशीत सांडला तरी दोघींपैकी एकीनंही वर बघितलं नाही.

सबानं हातानं कापून, कानशीनं घासून चार चाप आईला करून दिले. आईनं लावले, उठली, अंगणात चालून आली, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "लई झ्याक हाय गं! तुला नाय असं कधी सुचलं." चेष्टा होती हो ती. आई अशीच बोलते. पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कितीतरी दिवस मी त्या एका वाक्यावर जळत होते. पोळी लाटताना, रिक्षात बसल्यावर, सबाचा टिकली न लावलेला हसरा चेहरा माझ्या टेबलावर झुकला की. माझी आई तिनं अशी एका दुपारीत नेली? आणि मी कोण मग?

आता ते सांगते.

पत्रा प्रेसवर कापला की त्याच्या एका बाजूची कड गुळगुळीत येते आणि दुसऱ्या बाजूला केसाएवढी बारीक धार उभी राहते. बोट फिरवलं तरच कळते. आमच्या धंद्यात ही पहिली गोष्ट शिकवतात — धार कुठल्या बाजूला ठेवायची हे ड्रॉइंगवर लिहायचंच. मोज्याला लागणाऱ्या चापाची धार बाहेरच पाहिजे. आत राहिली तर मोज्याचा धागा कापलाच म्हणून समजा. पुढं तुकडे पिंपात घालून घोळवतात, पण त्या निमुळत्या भोकाच्या आतली धार घोळवून जात नाही.

सबानं ते लिहिलं नव्हतं. तिनं नमुने हातानं घासलेले — कानशीपुढं धार राहतेच कुठं? तिच्या डोक्यातच आलं नाही. पण ड्रॉइंग तपासून पुढं सोडायचं काम माझं होतं. आणि माझ्या डोळ्यांना ते कागद पुढं आल्या आल्या दिसलं. लगेच. अगदी भाजीत मीठ नसलेलं पहिल्या घासाला कळतं तसं.

मी काही बोलले नाही. इथंपर्यंत असतं तर मी म्हणाले असते की राहून गेलं, माणूस आहे, नजर चुकते. पण तिनं विचारलं. माझ्या खुर्चीशी येऊन, वाकून, "ताई, कुछ रह गया क्या? सांगा ना, पहिलंच आहे माझं." आणि मी — मी तिच्या गालाला हात लावला. हो, हात लावला! आणि म्हणाले, "काही राहिलं नाही गं. मस्त झालंय. पाठव."

पत्रा कापायचा डाय तयार झाला. आमच्याकडं खंडेनवमीला मशिनींची पूजा असते, आणि त्या साली जो नवा डाय असेल त्याचा पहिला तुकडा प्रेसवर, झेंडूच्या फुलांत ठेवायचा रिवाज आहे. ज्याचं ड्रॉइंग त्याच्या हातानं ठेवायचा. इतकी वर्षं काम करून माझा तुकडा असा कधी पूजेला लागला नव्हता. कधी डाय उशिरा झाला, कधी ऑर्डरच फिरली. त्या दिवशी साहेबांनी सबाला पुढं बोलावलं. तिनं डोक्यावरून ओढणी घेतली, फुलं सारखी केली आणि चाप ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग नमस्काराला वाकले आणि तो तुकडा उचलून भोकातून बोट फिरवलं. धार आतच होती.

अजूनही वेळ गेलेली नव्हती, हे लक्षात घ्या. डाय मोडायचा नव्हता, काही नाही. दुसऱ्या प्रेसवर वाकवताना तुकडा पालथा घातला की धार बाहेर. एवढंच. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी तुकडा पुन्हा फुलांत ठेवला आणि पेढा खाल्ला.

पार्टीकडं चाप गेले, त्यांनी बायकांना लावून बघितले. पहिल्याच दिवशी मोजे उसवत खालपर्यंत गेले, आणि एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीला खरचटलं. कुणाची तरी आईच ना ती? त्या बाईचा विचार मला तेव्हा आला नाही. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

साहेबांनी चाप हातात घेतला, बोट फिरवलं आणि ओरडले, "धार आतून ठेवली कुणी? ड्रॉइंगवर का नाही?" आणि माझ्याकडं वळले. "ताई, तुम्ही बघितलं नव्हतं का?"

इथं मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी बोलले. मी म्हणाले, "मी सांगितलं होतं तिला."

सबानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ही भांडणार — आणि मी तयारच होते. काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. पण ती भांडली नाही. कपाळाला आठी घालून आठवत राहिली. खरंच आठवत होती हो, कधी सांगितलं असेल म्हणून. आणि मग हळूच म्हणाली, "ताईंनी सांगितलं असेल साहेब. मीच विसरले असेन."

तिनं माझ्या शब्दापेक्षा स्वतःच्या डोक्यावर कमी भरवसा ठेवला. तुम्ही सांगा, याला काय म्हणायचं? मला शिवी दिली असती तर मी सुटले असते.

तुकडा पालथा घाला, हे मी तेव्हाही बोलले नाही. पार्टीचा विश्वास उडालाच होता. मी खण उघडला आणि माझा दातेरी चाप टेबलावर ठेवला. तो पास झाला. आजही जातो. दुकानात मोजे घ्यायला गेलात आणि मांडीला काही टोचलं तर तो माझा आहे.

सबा पर्मनंट झाली नाही. महिना भरला, ती गेली. जाताना माझ्या पाया पडायला वाकली, मी पटकन मागं सरले. सगळ्यांना वाटलं, केवढा हा ताईंचा मोठेपणा! पुढं ऐकलं की घरच्यांनी लग्न लावून दिलं, आता काम करत नाही. कानस धरणारा तो हात. तिचं सासर मला माहीत आहे. फुलंब्रीच्या रस्त्याला आहे, जाताना बसमधून गल्ली दिसते. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसते.

आणि आई? आई विचारायची, कुठं गेली गं ती पोरगी, येत कशी नाय? तेव्हा मी आणखी एक केलं. मी म्हणाले, "लग्न ठरलं तिचं, गेली. आपल्याला कशाला आठवतेय आता?" आई त्या दिवशी जेवलीच नाही धड. "निदान सांगून तरी जायचं," एवढंच म्हणाली. म्हणजे नोकरीबरोबर मी तिची अम्माही काढून घेतली. मला आई परत पाहिजे होती ना, मग घेतली.

आता आईला वाकता येत नाही. मोजे मीच घालते. रोज सकाळी फरशीवर बसते, तिचा पाय माझ्या मांडीवर घेते, आणि सबानं हातानं घासलेले तेच चार चाप लावते. आई दुसरे लावून घेत नाही. माझे तर नाहीच. लुगडं ती आता माझ्यापुढं वर घेते, अगदी गुडघ्याच्या वर, काही लाज न धरता. हेच हवं होतं मला. आणि मला मान वर करून तिच्याकडं बघता येत नाही.

आज सकाळी शेवटचा चाप सरकवला तेव्हा तिनं वरून हात लावून बघितला, आणि म्हणाली, "राग नाय बघ माझा तिच्यावर. भेटली कुठं तर सांग, अम्माच्या पायाला अजून तुझेच हायेत म्हणावं."

मी म्हणाले, "सांगते."