शालूचं वाचायचं राहिलं

कुसुम गेल्याचं मला कळलं ते शनिवारी दुपारी. अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून मी नुकतीच घरी आले होते; कुसुम त्या दिवशी शाळेत आली नव्हती. विमलबाई सायकलरिक्षातून उतरल्या आणि फाटकाशीच उभ्या राहिल्या, आत येईनात. "गेली वं आपली कुसुम," एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा पिता पिता छातीत दुखलं, आणि दवाखान्यात न्यायच्या आत सगळं संपलं होतं. मी पायरीवर बसले... पुढचं वाक्य लिहायला मला महिना लागला. मला रडू आलं हे खरं, पण त्याच्याही आधी, क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं. आता ती मला कधीच काही विचारणार नाही, असा विचार मनात येऊन गेला आणि मग मला माझीच भीती वाटली. अठरा वर्षं मी या बाईला भीत होते. ती मात्र मला कधी आवाज चढवून एक शब्द बोलली नव्हती.

आम्ही तिघी महालातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होतो. विमलबाई आमच्यात थोरल्या, गणिताच्या. मी धरमपेठेतून बसने यायची आणि कुसुम इंदोऱ्याहून सायकलवर. त्या काळी साडी नेसून सायकल चालवणारी मास्तरीण दिसली की महालातल्या गल्लीत पोरीसोरी दारात येऊन उभ्या राहत. तिला त्याचं काही नसे. छप्पन साली तिच्या घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ती मॅट्रिकला होती. देवांची फळी रिकामी झाली, तिच्यावर वडिलांनी तिची शाळेची पुस्तकं लावून दिली आणि म्हणाले, ही भरत जा. तेव्हापासून ती फळी भरतच होती. पगार झाला की पहिलं पुस्तक, मग बाकीचं. माझ्या घरी पुस्तकं होती, पण ती काचेच्या कपाटात होती. वाचायची चटक मला कुसुमने लावली.

शनिवारी शाळा सुटली की आम्ही शिक्षकांच्या खोलीत अर्धा तास बसायचो. "बोल, काय वाचून राहिली?" असं कुसुम आळीपाळीने विचारायची. सांगायचे नियम तिचेच होते. थोडक्यात सांगायचं, आपल्याला काय आवडलं तेच सांगायचं आणि शेवट सांगायचा नाही. शेवट सांगितला की त्या बाईने पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी चिवडा आणायचा. विमलबाईंनी आयुष्यात जितका चिवडा आणला तितका एखाद्या दुकानदाराने केला नसेल. पुस्तकाला कसर लागू नये म्हणून आम्ही सगळेच कडुलिंबाची पानं ठेवतो, पण कुसुमने त्याचाही खेळ केला होता. ज्या पानावर जीव जडला तिथे कडुलिंबाची एक डहाळी ठेवायची आणि पुस्तक पुढच्या बाईकडे द्यायचं. त्या दोन पानांत नेमकी कोणती ओळ आवडली असेल ते तिने ओळखायचं. कुसुम माझी ओळ बहुतेक वेळा ओळखायची. "तुले रडक्या ओळी आवडतात वं," म्हणायची.

सहासष्ट साली पावसाळा संपता संपता तिला खोकला लागला, तो हटेना. एक दिवस वर्गातच रुमालावर रक्त पडलं. क्षय. तेव्हा हा शब्द लोक मोठ्याने उच्चारत नसत, डॉक्टरसुद्धा बोटाने छाती दाखवत. तिला गावाबाहेरच्या दवाखान्यात ठेवलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. चार वर्षं मी तिच्या डब्यातली भाजी खाल्ली होती. एका पेल्याने पाणी प्यायले होते. माझा राजू दोन वर्षांचा होता. तो झोपेत एकदा जरी खोकला तरी मी दिवा लावून त्याच्या उशाशी बसायची. मी त्याला तीनदा डॉक्टरकडे नेऊन आणलं, तिसऱ्यांदा ते माझ्यावरच रागावले. तरी मी त्याला कडेवर घ्यायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायची. हातांची कातडी निघाली, धुणं सुटलं नाही. मैत्रीण तिकडे खाटेवर पडली होती आणि मी तिच्यासाठी कमी, तिच्यामुळे जास्त घाबरले होते.

महिन्याभराने तिचा भाऊ एक पुस्तक घेऊन दारात आला. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. "ताईने वाचायला पाठवलं," म्हणाला. सासूबाई पुढे झाल्या. ते पुस्तक त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, बाहेरच्या बाकावर ठेवायला लावलं. हे मला लिहायलाच हवं की आमच्या घरी कुसुमसाठी वेगळी कपबशी होती, आणि ती आजारपणाच्या कितीतरी आधीपासून होती. कुसुमला ती ठाऊक होती. चहा पिऊन झाला की ती स्वतःच नळाखाली विसळून कोनाड्यात पालथी ठेवायची, आणि मी दुसरीकडे बघायची. आता सासूबाईंना बोलायला एक सभ्य कारण मिळालं होतं. "लेकराचं घर आहे बाई," त्या म्हणाल्या, आणि मीही मान हलवली.

ते पुस्तक मी गच्चीवर नेलं. ऑक्टोबरचं ऊन होतं. पत्र्याच्या पेटीवर आठ दिवस ते तापत ठेवलं. स्वयंपाकघरातल्या चिमट्याने रोज त्याची बाजू पालटायची आणि मग चिमटा उकळायची. उघडलं मात्र नाही. नवव्या दिवशी शेजारच्या कडुलिंबाची डहाळी तोडली, पदराचा बोळा हातात धरला, तोंड वळवलं आणि मागच्या बाजूने कुठेतरी ती आत सरकवून दिली. वाचलं असं दिसावं म्हणून. कादंबरीत काय आहे ते विमलबाईंना विचारलं, त्यांनी ती वाचनालयातून आणली होती. "नदीकाठची एक म्हातारी आहे. पोरगा परमुलखी गेलेला, ती त्याची वाट पाहून राहिली आहे," त्या म्हणाल्या. "मी अर्धीच वाचली. पण म्हातारी काही जगत नाही बघ शेवटपर्यंत." मला तेवढं पुरेसं होतं.

भेटीच्या दिवशी दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात कुसुम खुर्चीवर बसली होती आणि तिच्यापासून आठ-दहा हातांवर माझा बाक. नाकावर पदर ठेवायची मला लाज वाटली म्हणून मी श्वासच बेताबेताने घेत होते. पुस्तक मधल्या स्टुलावर ठेवलं. तिने ते उचललं, पुढून उघडलं, काही क्षण आत बघत राहिली आणि मिटलं. डहाळी शोधत असेल, असं मला वाटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वाचलं का वं, शालू?" मी म्हटलं, "तर काय! एका बैठकीत." "कसं वाटलं?" आणि मी, नको इतकी बोलत सुटले. म्हातारी किती जिवंत उतरली आहे, नदी कशी डोळ्यांसमोर येते... आणि म्हटलं, "शेवटी म्हातारी गेली ना, तेव्हा मला रडूच आवरेना गं." कुसुमने पुस्तक मांडीवर आडवं ठेवलं. वाळलेल्या गवताकडे बघत राहिली. "शेवट सांगायचा नसते वं," ती म्हणाली. आणि मग, अगदी सावकाश, "मी पण रडली."

त्यानंतर तिने पुस्तक पाठवलं नाही. मी मनातल्या मनात हात जोडले. पण दर भेटीला ती मला पुस्तकं तोंडी सांगायला लागली. पहिल्या पानापासून, माणसांच्या आवाजांसकट, नावागावांसकट, फक्त शेवट वगळून. मध्ये खोकल्याची उबळ यायची, ती हात वर करायची, थांबायची, पाणी प्यायची आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा धरायची. नर्स येऊन दटावायची, "बाई, बोलू नका, छातीले त्रास होते." "थोडंच राहिलं आहे," ती म्हणायची. आजारात माणूस बडबडं होतं, अशी मी समजूत करून घेतली. दीड वर्षात तिने मला किती पुस्तकं सांगितली ते मी मोजलं नाही. बस चुकेल म्हणून मी मधूनच उठायची, आणि घरी येऊन अंगावरचं लुगडं उकळत्या पाण्यात टाकायची.

ती बरी झाली. इंजेक्शनांनी दंड दगडासारखे झाले होते, पण बरी झाली. शाळेत परत आली, पुन्हा सायकलवर. राजूलाही काही झालं नाही. आता भीती संपायला हवी होती, पण तिने नुसता वेश पालटला. शनिवारी खोलीत कुसुम वळून "तू काय वाचून राहिली?" म्हणाली की मी आधी हातातल्या वह्या नीट लावत बसायची. तिला ठाऊक आहे का? आणि ठाऊक असेल तर तिने कारण कोणतं धरलं असेल? आजार, की ती कोनाड्यातली कपबशी? आजाराची भीती तिने माफ केली असती. कपबशीचं कारण तिने मनात धरलं असेल, ही कल्पना मला सहन होत नव्हती. म्हणून मी वाचत सुटले. आडवंतिडवं, मिळेल ते, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, कुठूनही विचारलं तरी सांगता यावं म्हणून. लोक म्हणतात, शालूताईंचं वाचन दांडगं. ते भीतीपोटी झालेलं वाचन आहे. ती एक कादंबरी मात्र मी कधी हातात धरली नाही. वाचनालयात ती दिसली तरी मी दुसऱ्या रांगेत जायची.

सासूबाई गेल्यावर ती कपबशी मी स्वतः फोडली. कुसुम त्यानंतर घरी आली तेव्हा तिला आमच्याच कपातून चहा दिला. तिने चहा प्यायला आणि सवयीने कप घेऊन नळाकडे निघाली. मी तो काढून घ्यायला गेले. दोघींनी एकाच वेळी कप धरला होता, मग तिने तो सोडला. तेव्हा सांगायला हवं होतं. दोघीच अशा शेवटच्या बसलो तेव्हाही सांगायला हवं होतं, ती जायच्या पंधरा-वीस दिवस आधी. तीच खोली, तोच शनिवार, विमलबाई निवृत्त झालेल्या, आम्ही दोघीच. मी म्हटलं, "कुसुम, तू दवाखान्यात होतीस ना तेव्हा..." ती चष्मा पुसत होती. "काहून उकरून राहिली वं ते?" ती म्हणाली. तेवढ्यात शिपाई खोली बंद करायला आला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

गेल्या आठवड्यात तिची भाची घरी आली. कुसुमने लग्न केलं नाही, बहिणीच्या घरीच तिचं बिऱ्हाड होतं. फळ्यांवरची पुस्तकं आता इंदोऱ्याच्या वाचनालयाला द्यायची आहेत, त्यातलं एक मावशीने बाजूला ठेवलं होतं, म्हणून ती घेऊन आली. खाकी कव्हर. अठरा वर्षांनी मी ते ओळखलं आणि माझा हात आपोआप मागे गेला. भाचीच्या ते लक्षात आलं. कव्हरवर कोपऱ्यात कुसुमच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, शालूचं वाचायचं राहिलं. पेन्सिल पुसट झाली होती. ते कालपरवाचं लिहिणं नव्हतं.

भाची गेल्यावर दोन दिवस ते टेबलावर तसंच पडून होतं. मी त्याच्या बाजूने वळसा घालून जात होते. तिसऱ्या दिवशी दार लावून घेतलं आणि उघडलं. कव्हर आणि पहिलं पान यांच्या मध्ये घडी घातलेला कागद होता. तो मला पुस्तक उघडताच दिसायला हवा होता, आणि तिने व्हरांड्यात पुढून उघडलं तेव्हा तो तिला जिथल्या तिथे दिसला होता. बोलते तसंच लिहिलेलं: "शालू, पुस्तकाले भेत असशील तर वाचू नको. घरी लेकरू आहे, मी पण भेली असती. फक्त मले तसं सांग, मंग भेटीच्या दिवशी मीच तुले तोंडी सांगत जाईन. आन् दुसरं काही कारण असन, तर तेही सांग. – कुसुम." माझी डहाळी शेवटी होती. काडी आणि तपकिरी चुरा, प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या यादीवर.

मग मी ती कादंबरी वाचली. सकाळी सुरू केली, चार वाजता संपवली. नियम मोडून शेवट सांगते, चिवडा कोणासाठी आणायचा आता. म्हातारी मरत नाही. शेवटच्या पानावर ती अंगणात बसून ज्वारी पाखडते आहे, आणि शेजारीण विचारते, पोराची चिठ्ठी आली का, तर म्हणते, येईल. कादंबरी तिथेच संपते. कोणीच मरत नाही, रडण्यासारखं तिथे काही नाही... मी पण रडली, म्हणाली होती कुसुम. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती माझ्या खोट्यात येऊन बसली. आणि कारण न कळताच दीड वर्ष, फुटक्या छातीने, मला पुस्तकं सांगत राहिली.

शेजारच्या कडुलिंबाची ताजी डहाळी आणून मी ज्वारीच्या पानावर ठेवली. चिठ्ठी होती तिथेच परत ठेवली. आणि रिकाम्या खोलीत, वेड्यासारखं वाटलं तरी, मोठ्याने म्हटलं, "भेले होते गं कुसुम. राजूसाठी भेले होते." पुढे तिने विचारलं असतं, तेवढंच का वं? तेवढंच होतं, असं छातीवर हात ठेवून सांगायचं अजून धाडस होत नाही.