देव न हलवता

क्रांती चौक मागं पडला तरी सांडूभाऊ रिक्षा करू देईनात. दुकानात सामान बघून दोघं गारखेड्याला पायीच निघाले होते. पंचवीस वर्षं पाइपांची कामं केलेला हा माणूस चालताना रस्त्यावरच्या चेंबरची झाकणंसुद्धा न्याहाळत होता. सोबतच्या रत्नमालाताईंच्या डोळ्यांपुढं मात्र गारखेड्यातलं आपलं घरच होतं. सांडपाण्याचा पाइप देवघराखालून गेलेला आणि जागोजागी तडकलेला. आधीचा मिस्त्री म्हणाला होता, फरशी फोडा, देव हलवा.

"काय नाय फोडायचं," सांडूभाऊ म्हणाले. "काल कॅमेरा घालून बघितलंय मी. चेंबरमधून राळेत भिजवलेली कापडी नळी आत सरकवायची, हवेनं फुगवायची. कडक झाली की जुन्या पाइपात नवा पाइप. घोर येकच हाय."

"कशाचा?"

"माझ्याच चुकीचा. मागं एका घरी मोरीचं पाइपात उघडणारं तोंड त्या नळीनं बुजवलं मी. घरभर पाणी! बाई लई बोलली, बरोबरच बोलली. मग आतून कापून मोकळं केलं."

आपली चूक इतकी सरळ सांगणारा कारागीर ताईंनी पाहिला नव्हता. त्यांना हायसं वाटलं.

"तर ताई, एक करा. उद्या एकेका मोरीत बादलीभर पाणी ओता, अन् ओतताना मला हाक मारा. कोणतं तोंड चालू हाय ते मी खाली कॅमेऱ्यात बघून ठेवतो, म्हंजी नळी बसल्यावर तेवढं कापून मोकळं करता येईल. एकबी मोरी विसरू नका."