तासाभरावरची लेक

माझी अव्वा लातुरात सगळ्या गल्लीला सांगायची, "पोरगी बंगळुरात हाय, पण विमानानं तासाचा रस्ता!" विमान नांदेडला उतरतं, दिवसाला एकच असतं आणि तिथून लातूर गाठेपर्यंत अंगाचा भुगा होतो, हे मी तिला कितीदा तरी सांगितलं. ती ऐकेल तर ना! फोनवर बंगळूर ते लातूर असं टाकलं की विमानाचं अंतर दिसतं, वेळही दिसते. फक्त विमान नसतं.

हा तासच मला नडला. अव्वा दसऱ्यापासून अंथरुणाला खिळलेली. एके सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "अक्का, अव्वाला बरं न्हाई. येऊन जा." इतकंच. आमच्याकडं फोनवर याहून जास्त कुणी सांगत नाही. नवऱ्याला घेऊन तशीच निघाले.

विमान वेळेआधी पोचेल, असं वैमानिकानं सांगितलं. आजूबाजूची माणसं खूश झाली. मला एवढंच हवं होतं, की अव्वा जिवंत भेटावी.

नांदेडला टॅक्सीत बसल्याबरोबर भावाला फोन लावून विचारलं, "कधीपासून असं?"

"चार दिस झाले. पाणीबी घेईना."

"मग आज सांगतोस होय रे?"

"तीच म्हणली, तासाचा तर रस्ता हाय. उगं कशाला पोरीला आधीच घोर लावायचा."

 संतापानं त्याला नाही नाही ते बोलले. तो मुकाट ऐकून घेत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

लोहा मागं पडलं आणि भाऊ फोन उचलेनासा झाला. अहमदपूरजवळ व्हिडिओ कॉल लावला, तो भावजयीनं उचलला. मागं बायका जमलेल्या दिसत होत्या, पण कुणी बोलत नव्हतं.

"अव्वाला दाखव."

"तुमी या तर खरं, अक्का."

"दाखव म्हणते ना!"

तिनं फोन फिरवला. अव्वा भिंतीला टेकून ताठ बसली होती. मांडी घातलेली, कपाळभर भस्म. दसऱ्यापासून तिला कूससुद्धा बदलता येत नव्हती.

फोन बंद झाला. नवरा माझ्या खांद्यावरून बघत होता. "अगं, उठून बसल्यात की! उगाच घाबरलीस."

तो कोकणातला. आमच्यात माणूस गेलं की अंग ताठायच्या आत त्याला मांडी घालून भिंतीशी बसवतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्याला सांगायची वेळ कधी आली नव्हती. 

तो पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणाला, "दादा, सावकाश चला आता. घाई नाही."

ड्रायव्हरनं वेग कमी केला. मी दोघांनाही काही बोलले नाही.