दिवेविझव्याचे पहारेकरी

नोव्हेंबर लागला की पोलंडमधल्या ओल्श्तिनला दुपारीच अंधारून यायचं. सगळं गाव त्याबद्दल कुरकुरत असायचं, बोग्नाला मात्र हायसं वाटायचं. उन्हाळाभर ती उकिएल तलावावर होड्या भाड्यानं द्यायची. उन्हानं रापलेली मान, ओली लाइफ जॅकेटं, हरवलेली वल्ही, आणि दिवसभर कुणी ना कुणी विचारणारच, "ताई, ही उलटणार तर नाही ना?" हिवाळ्यात धक्का ओस पडायचा. मग सकाळी शेडमध्ये बसून होड्यांच्या चिरा बुजवायच्या, जेवणाच्या सुमाराला घरी यायचं, बिटाचं सूप गरम करून प्यायचं, खोलीतला दिवा मालवायचा आणि त्या शहरात शिरायचं.

ते शहर म्हणजे 'दिवेविझव्या' या गेममधलं जुनं बंदर. त्यातला नायक एक चोर. त्याच्याकडे तलवार नाही, बंदूक नाही, फक्त टोकाला आकडा असलेली एक लांब काठी. रस्त्यातले कंदील त्या काठीनं एकेक करून विझवायचे आणि आपणच केलेल्या अंधारातून पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून चोरपावलांनी निघून जायचं. बोग्ना चौदा वर्षांची असताना पहिला भाग आला. पुढं दहाएक वर्षांत आणखी चार आले. दर हिवाळ्यात ती पहिल्यापासून सुरुवात करायची आणि तलावावरचा बर्फ फुटेपर्यंत पाचव्याला टेकायची.

"शेवट पाठ आहे तुला, मग परत परत काय खेळतेस?" लोक विचारायचे.

"तलावही पाठ आहे मला. म्हणून पोहायचं सोडू का?" ती म्हणायची.

तिची मतं ठाम होती. पहिला भाग सगळ्यात चांगला, कारण त्यात अंधार खरोखरच काळा होता आणि कंदील मोजकेच. एक विझवला की अख्खी गल्ली आपली झाल्यासारखी वाटायची. दगडावर पाऊल वाजायचं, गालिच्यावर वाजायचं नाही, ओल्या पेंढ्यावर नुसती चुरचुर व्हायची. ती आपली कान देऊन चालायची. दुसरा भाग जगाला आवडतो. तिला तो जरा शिष्ट वाटायचा, पण त्यातला धुक्यातला धक्का तिनं स्वप्नातसुद्धा पाहिला होता. तिसऱ्यात पडद्यावर सोनेरी बाण आले, इकडे जा, तिकडे वळ. जणू कुणीतरी कॉलर धरून शहर दाखवतंय. चौथ्यात बर्फ पडायचा, आपल्या पावलांचे ठसे मागे उरायचे, म्हणून जपून आणि हळू चालावं लागायचं. लोकांनी त्याला रटाळ म्हणून हिणवलं. तिचा जीव त्याच्यावरच होता. आणि पाचव्यात इतकी वर्षं गप्प असलेला नायक अचानक बोलायला लागला. तेही अखंड. पाचवा ती केवळ कर्तव्य म्हणून खेळायची.

आणखी एक नियम होता तिचा. कुणाच्या डोक्यात काठी घालायची नाही. गेममध्ये तशी सोय होती, पण ती कधी वापरायची नाही.

याचं कारण लोकांना कळलं असतं तर ते म्हणाले असते, अच्छा, म्हणून खेळतेस होय! आणि ते काही पूर्ण खरं नव्हतं. कारण असं, की गेमच्या पोलिश आवृत्तीत त्या बंदरातले निम्म्याहून जास्त पहारेकरी तिच्या वडलांच्या आवाजात बोलायचे.

सेवेरिननं, म्हणजे तिच्या वडलांनी, सगळा जन्म कळसूत्री बाहुल्यांच्या नाटकात काढला. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्याला चेहऱ्यानं ओळखत नव्हती, पण दुकानात त्यानं "अर्धा किलो सॉसेज द्या" म्हटलं की एखादं पोर आईचा कोट ओढून ओरडायचं, "आई, कोल्हा!" मधूनमधून तो गाडीनं वॉर्साला जाऊन असल्या गेमना आवाज द्यायचा. पहिल्या भागाचा डबा त्यानंच घरी आणला होता. मुलगी मोठी झाली, तसा तिचा नादही सुटला असेल अशी त्याची समजूत होती.

त्या वर्षी सप्टेंबरात त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती फक्त कुजबुज, वाळक्या पानांसारखी. बोग्नानं त्याला आपल्या घरी आणलं. पहिले काही आठवडे तो कुजबुजतही नव्हता. खिडकीपाशी बसून समोरच्या बर्चच्या झाडांकडे बघत राहायचा, मान हलवून हो-नाही सांगायचा. ती त्याच्यासाठी बेरींचं मऊ किसेल करायची, तो अर्धी वाटी खायचा.

नोव्हेंबर आला तशी बोग्ना अडखळली. घरात त्याचा जुना आवाज कसा लावायचा? शेवटी तिनं हेडफोन घातले आणि चोरून खेळायला लागली. एक दिवस हेडफोनचं चार्जिंग संपलं. खोलीभर एक दणदणीत, भरदार, चाळिशीतला आवाज घुमला, "कोण आहे रे तिकडं?"

सेवेरिन स्वयंपाकघरातून बाहेर आला. हातात चमचा. बोग्ना घाईघाईनं बटणं दाबत होती.

"राहू दे," तो कुजबुजला.

तो सोफ्याच्या कडेला टेकला. पडद्यावर एका ओल्या चौकात दोन पहारेकरी शेकोटीशी उभे होते. एक म्हणत होता, बुटात पाणी शिरलंय. दुसरा म्हणत होता, तुझ्या बुटात नेहमीच पाणी असतं, माणूस आहेस की बादली?

सेवेरिन पुढं वाकला. "हे दोघंही मीच की!"

"हो. वरच्या खिडकीतला पण तुम्हीच. तो शिंकतो बघा आता."

खिडकीतला शिंकला. सेवेरिनचे खांदे हलायला लागले. तो हसतोय हे तिला उशिरा कळलं, कारण हसण्याला आवाजच नव्हता.

"बघितलं नव्हतं मी कधी," तो म्हणाला. "काचेमागं उभं करायचे आम्हाला. समोर कागद. म्हणायचे, रागानं म्हण, झोपेत म्हण, मरताना म्हण. कुणाला म्हणायचं ते कुठं माहीत होतं? आणि तू कुठायस यात?"

"इथं. पिंपामागं. काळोखात."

"मला दिसत नाहीस?"

"तुम्हाला कध्धीच दिसत नाही."

"चाळीस फुटांवरून चाहूल लागेल असा चेहरा केलाय मेल्यानं, आणि दिसत नाही!"

त्या दिवसापासून दोघं मिळून खेळायला लागले. म्हणजे ती खेळायची आणि तो टीका करायचा. इथं मी घाई केली. इथला खोकला बघ, तो कागदावर नव्हता, माझा मी घातला. बाहेर अंधार उतरायचा, खिडकीच्या काचेवर दव जमायचं, आणि दोघं त्या बंदराच्या गल्ल्यांतून असे हिंडायचे, जसे लोक जेवण झाल्यावर शतपावलीला निघतात. कधी कधी ती पुढं जायचीच नाही. एखाद्या छपरावर चोराला बसवून ठेवायची. खाली वडील हातात कंदील घेऊन फेऱ्या घालायचे, शेजारी वडील चहा फुंकून प्यायचे, आणि बोग्नाच्या डोळ्यांवर अशी गोड गुंगी यायची की कुठले खरे आणि कुठले खोटे याची तिला फिकीर राहायची नाही.

एकदा त्यानं विचारलं, "हा चोर काहीच बोलत नाही का गं?"

"पाचव्या भागापर्यंत नाही."

"शहाणा आहे."

नाताळनंतर खेळताखेळता चौथा भाग आला. बर्फाचा. बोग्ना म्हणाली, "हे तुमचं सगळ्यात चांगलं काम. यातले पहारेकरी किती मायाळू आहेत! चाहूल लागली तरी म्हणतात, जाऊ दे, मांजर असेल. असं वाटतं, यांना ठाऊक आहे आपण इथंच आहोत, तरी जाऊ देतायत."

सेवेरिननं पडद्याकडे बोट केलं. एक पहारेकरी पुलावर उभा होता, खांद्यावर बर्फ साचत होता.

"तो अभिनय नव्हता," तो म्हणाला. "त्या हिवाळ्यात तुझी आई दवाखान्यात होती. रात्री तिच्यापाशी बसायचं, पहाटेची गाडी धरायची. काचेमागं उभा राहिलो की मला झोप यायची नुसती. ते म्हणाले, वा, असंच ठेवा."

बोग्ना तेव्हा कॉलेजसाठी ग्दान्स्कला होती. घरी फोन केला की वडील म्हणायचे, सगळं ठीक चाललंय. इतके हिवाळे ती हा आवाज ऐकत होती, आणि त्यात काय आहे ते तिला आज कळत होतं. तिनं कंट्रोलर खाली ठेवला आणि त्याच्या बाहीला नुसता हात लावला. पुलावरचा पहारेकरी हातावर हात चोळत म्हणाला, आज फार थंडी आहे.

जानेवारीत कंपनीनं पहिला भाग नव्यानं काढला. चित्रं नवी, आवाजही नवे. बोग्नानं हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. "कशाला? कुणीतरी पोरगा तुमची वाक्यं म्हणणार."

"आण," सेवेरिन म्हणाला.

त्यानं डोळे मिटून ऐकलं. "श्वास बरोबर घेतो," तो म्हणाला. "खोकला तर माझ्यापेक्षा बरा. जांभई मात्र खोटी आहे. त्याला कळव."

"असं कसं कळवणार?"

"खोकला चांगला, जांभई खोटी. एवढंच कळव."

तिनं त्या नटाचा ठावठिकाणा शोधून तसाच्या तसा निरोप पाठवला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं : येऊ का?

तिमोन रविवारी वॉर्साहून आला. तिशीतला, काटकुळा, हातात खसखशीचा केक. दारातच सेवेरिनपुढं अवघडून उभा राहिला. "सर, मी तुमच्या आवाजावरच—"

"सर काय? मी काय गणित शिकवतो का तुला? आत ये, पिएरोगी निवतायत."

कणकेत बटाटा भरून उकडलेले ते पिएरोगी आंबट सायीबरोबर खाता खाता गप्पा रंगल्या. तिमोन म्हणाला, "मला विचाराल तर पाचवा भाग सगळ्यात सरस."

बोग्नाचा काटा हवेत थांबला. "कोणता?"

"पाचवा."

"तो बडबड्या? छपरावर चढताना म्हणतो, आता मी छपरावर चढतो? आंधळ्यालासुद्धा कळेल की!"

"बोग्ना, पाहुणा आहे तो," सेवेरिन कुजबुजला, पण डोळे चमकत होते.

"पाहुणा असला म्हणून काय झालं? बाण आहेत त्यात अजून. पहारेकरी तर इतके मठ्ठ, की नाकावर माशी बसली तरी विचारतील कोण आहे."

तिमोन हसला नाही. ताटातला कांदा बाजूला सारत म्हणाला, "मी लहानपणी अडखळत बोलायचो. शाळेत तोंड उघडायची भीती वाटायची. माझ्या भावानं पाचवा आणला. त्यातला चोर एकटाच अंधारात स्वतःशी बोलायचा, आणि कुणी ऐकत नव्हतं. मी त्याच्याबरोबर म्हणायचो. प्रत्येक वाक्य. त्याच्याबरोबर म्हटलं की अडखळायचो नाही."

बोग्नानं काटा खाली ठेवला. मग म्हणाली, "ठीक आहे. पण बाण तरी नकोतच."

"बाण नकोतच," तिमोन म्हणाला.

जेवणं झाल्यावर जांभईची शिकवणी झाली. सेवेरिनला आवाज नव्हता, म्हणून त्यानं नुसती हातांनी शिकवली. बाहुलीचं तोंड उघडावं तसा पंजा हळूहळू उघडला, मध्येच थांबवला, मग थरथरवत मिटला. "जांभई द्यायची नसते. ती थोपवायची असते. पहाऱ्यावरचा माणूस आहेस तू, पलंगावरचा नाहीस." तिमोननं थोपवायचा प्रयत्न केला. चौथ्या-पाचव्या खेपेला ती अशी काही साधली की बोग्नाला खरोखरची आली, तिची बघून सेवेरिनला, आणि मग तिघंही खोलीभर हसत, जांभया देत, डोळे पुसत बसले. तिमोनची गाडी चुकली. त्याला काही त्याचं वाईट वाटलं नाही.

त्यानंतर सेवेरिननं कंट्रोलर स्वतःच्या हातात घेतला. बोग्ना शेडमध्ये गेली की तो एकटाच पाचवा भाग खेळायचा. पहिल्याच दिवशी बादलीला धडकला, धक्क्यावरून पाण्यात पडला, एका म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं त्याला पकडून कोठडीत टाकलं. त्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा आवाज त्याचाच होता. "मीच मला पकडलं," संध्याकाळी त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. हळूहळू त्याला वाटा कळल्या. चोर बोलायला लागला की तोही ओठ हलवायचा. बोग्नाला वाटलं, वाक्यं पाठ करतोय. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की कुजबुज पहिल्यापेक्षा बरीच स्पष्ट झाली आहे, काय व्यायाम करता? त्यावर बापलेक एकमेकांकडे बघून हसले.

फेब्रुवारी सरत आला. तलावावरचा बर्फ दुपारी आतल्या आत कण्हायला लागला होता. शेडमधलं काम लवकर आटोपून बोग्ना घरी आली. दार ढकललं तर खिडक्या झाकून आत अंधार केलेला. पडद्याचा निळसर उजेड तेवढा सोफ्यावर पडलेला. सेवेरिननं चोराला बंदरातल्या सगळ्यात उंच छपरावर नेऊन बसवलं होतं, आणि तो काहीच करत नव्हता. खाली सगळं शहर पसरलेलं, जहाजांचे दिवे पाण्यात हलतायत, दूर कुठंतरी घंटा. चोर काहीतरी पुटपुटत होता आणि त्याच्यासोबत सेवेरिन.

तिनं बूट काढून हातात घेतले. पाय न वाजवता दिवाणखान्याच्या दारापर्यंत आली आणि कोटांच्या खुंटीआड उभी राहिली. त्याचा वाकलेला पाठमोरा खांदा आणि कानामागचे पांढरे केस बघत राहिली. किती वेळ ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आंबट साय आणलीस का?" मान न वळवता तो म्हणाला.

"अहो, मी श्वाससुद्धा घेतला नाही!"

"जिन्यात किल्ल्या वाजल्या तुझ्या. साय?"

"विसरले."

"मग आज कोरडेच पिएरोगी खा," सेवेरिन म्हणाला आणि सोफ्यावर थोडा सरकून त्यानं तिला जागा करून दिली.